खांबेटेकाकांचा भांडणाचा वर्ग

शनिवार पेठेतल्या ज्या घरात मी कॉट बेसिसवर राहते, त्या घराच्या दारात मी आणि बाबा पहिल्यांदा उभे राहिलो तेव्हा आतून एक माणूस ओरडत होता, "तुम्हाला लाज वाटत नाही? चार दिवस झाले, कचरा इथेच पडला आहे!"

बाबांनी खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. "चाल वं बाई," ते हळूच म्हणाले, "अठी त भांडन सुरू हाय. दुसरी खोली पाहू."

तेवढ्यात आतून दुसरा आवाज आला. अगदी थंड. "आवाज उत्तम. पण 'तुम्हाला'च्या आधी 'अहो' राहिलं. पुण्यात अपमान करताना समोरच्याला मान द्यायचा असतो. पुन्हा म्हणा."

"अहो, तुम्हाला लाज वाटत नाही?" पहिला माणूस आनंदाने ओरडला.

"आता वाटेल," दुसरा आवाज म्हणाला.

हा दुसरा आवाज म्हणजे आमचे घरमालक खांबेटेकाका. खराडीच्या कंपन्यांत नोकरीसाठी बाहेरच्या राज्यांतून आलेल्या लोकांना ते मराठी शिकवतात. इतर ठिकाणी मराठीचा वर्ग 'माझे नाव अमुक आहे' इथून सुरू होतो. काकांच्या वर्गाचा पहिला धडा भांडणाचा. दुसरा तगाद्याचा. तिसऱ्यात टोमणे येतात. 'माझे नाव अमुक आहे' हे वाक्य कधी येतं, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "भांडण नीट झालं की समोरचा माणूस स्वतःच नाव विचारतो."

ही पद्धत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. काका टेलिफोनच्या कचेरीत होते, तक्रार विभागात. उभं आयुष्य त्यांनी कानाला फोन लावून लोकांचा राग ऐकला. त्यांचं म्हणणं, राग आला की माणूस आपली खरी भाषा बोलतो. एरवी तो पाठ केलेली बोलतो. म्हणून शिकायचं तर रागापासून शिकावं.

फोन उचलल्यावर काका 'हॅलो' म्हणत नाहीत. "बोला, ऐकतोय," म्हणतात. दार उघडतानाही तेच. देवासमोर ते हात जोडून उभे राहतात तेव्हासुद्धा असं वाटतं की तक्रार देवाची आहे आणि ऐकून हे घेतायत. माणसांची वर्गवारी ते लाइनीसारखी करतात. आमचा पेपरवाला एंगेज, कारण तो कायम कुणाशी तरी बोलत असतो. बँकेतला एक कारकून डेड. वर्गातला कानपूरचा शुक्ला म्हणजे क्रॉस कनेक्शन. "वाक्य मराठीत सुरू होतं आणि निघतं कानपूरला," असं ते त्याच्या तोंडावर सांगतात. शुक्ला हसतो आणि 'क्रॉस कनेक्शन' हा शब्द वहीत लिहून घेतो.

मला ते 'विदर्भ' म्हणतात. माझं नाव ज्योती आहे हे त्यांना माहीत आहे, पण भाडेकरूचं नाव बदलतं, प्रदेश बदलत नाही, असं त्यांचं मत आहे.

मी वाशिमकडची. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. इथे बीसीएसला आहे. पहिल्या वर्षी कॉलेजात मी एका मैत्रिणीला म्हटलं, "मी लायब्ररीत जाऊन राहिली," म्हणजे जातेय, तर बाकावरच्या सगळ्या हसल्या. मग मी बोलायचंच कमी केलं. त्या संध्याकाळी काकांनी विचारलं, "काय विदर्भ, तोंड का असं?"

"काही नाही, काका."

"'काही नाही' ही तक्रार मी घेत नाही. नीट सांग."

मी सांगितलं. काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "उद्या त्यांना म्हण, तुम्ही नुसत्या जाता. मी जाऊन राहते. जास्त कोण टिकणार?"

मी काही तसं म्हटलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. पण दुसऱ्या दिवशीपासून काकांनी मला वर्गात बसवलं. म्हणाले, पुण्याबाहेरही मराठी बोलतात हे या लोकांना कळू दे, नाहीतर बिचारे जन्मभर घाबरून बोलतील. म्हणून आज आंध्रातली लक्ष्मी अधूनमधून 'का?' ऐवजी "काऊन?" म्हणते. खराडीतल्या तिच्या पुणेकर साहेबाला हा शब्द कुठून आला ते अजून कळलेलं नाही.

आता नोकरीचं सांगते. मोबाइल आले तसे घरोघरचे फोन आधी बैठकीतून आतल्या खोलीत गेले, तिथून कपाटावर, आणि मग परतच गेले. तक्रार करायला आधी फोन तर हवा. काकांच्या विभागातली माणसं हळूहळू दुसरीकडे बदलून गेली. काका तिथेच राहिले. मग एक दिवस त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली आणि बैठकीच्या भिंतीला फळा लावला.

लोक हसले. खालच्या मजल्यावरच्या देवधरांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय खांबेटे, आता अख्ख्या देशाला मराठी शिकवणार म्हणे?"

"हो," काका म्हणाले. "खालच्या मजल्यापासूनच सुरुवात करणार होतो, पण म्हटलं आधी सोपी माणसं घ्यावीत."

असं बोलत असले तरी वर्ग काही भरत नव्हता. एकदा आठ जण झाले, कुणाची कंपनी बदलली, कुणी बंगळूरला गेलं, पाचच उरले. विद्यार्थ्यांच्या शिफ्ट संध्याकाळी सुरू होतात, म्हणून वर्ग दुपारी चारला. एका दुपारी फक्त लक्ष्मी आली. काकांनी तरीही इस्त्रीचा शर्ट घातला, फळ्यावर तारीख लिहिली, उभे राहून हजेरी घेतली. "शुक्ला?" मग स्वतःच, "गैरहजर." असं चार वेळा. मग "लक्ष्मी?" ती समोरच बसली होती. "हजर, सर." काकांनी मान हलवली आणि पूर्ण धडा मोठ्या आवाजात घेतला, शेवटच्या बाकावर कुणी बसलं असावं तसा. बैठकीत बाकच नाहीत, एक दिवाण आहे.

"काका, आज लवकर सोडायचं होतं," मी नंतर म्हटलं.

"का? ती तर आली होती."

या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच कळली होती. सगळ्यांना बोलायला शिकवणाऱ्या या माणसाच्या घरात नवराबायकोचा अबोला होता.

शैलाकाकू काकांशी बोलत नव्हत्या. भांडण झालं नव्हतं. काकूंना रजेची बातमी मंडईत भाजीवालीकडून कळली होती. "काकांनी हापिस सोडलं म्हणे? आता घरीच का?" काकू कोथिंबिरीची जुडी तिथेच ठेवून परत आल्या. काकांनी बातमी इस्त्रीवाल्याला सांगितली होती, पेपरवाल्याला सांगितली होती. घरात सांगायची राहिली होती. काकूंनी त्यावर एक शब्द विचारला नाही, आणि मग कुठलाच विचारला नाही.

मी राहायला आले आणि त्यांना लाइन मिळाली. जेवताना ते दोघं समोरासमोर बसत आणि मी मध्ये.

"ज्योती, त्यांना सांग, मीठ त्यांच्या उजव्या हाताला आहे."

"विदर्भ, तिला सांग, दिसलं."

"त्यांना सांग, दिसलं तर घ्यावं."

सुरुवातीला मी खरंच तोंड वळवून प्रत्येक वाक्य पुन्हा सांगत असे. मला वाटे, मोठ्यांनी सांगितलंय, सांगायला हवं. मग कळलं की दोघांना सगळं ऐकू येतं, मी फक्त बसून राहायचं असतं. पण ते वेगवेगळ्या खोल्यांत असले की मात्र खरी ये-जा करावी लागे.

आता मध्येच 'आपण' या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा त्याच्यामुळे झाला. शुक्लाच्या सोसायटीतली लिफ्ट बंद होती. काकांनी त्याला प्रात्यक्षिक म्हणून सेक्रेटरीशी भांडून यायला सांगितलं. शुक्ला सगळी वाक्यं पाठ करून गेला, बेल वाजवली. दार उघडून सेक्रेटरींनी अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "आपण कोण?"

पुण्यात याचा अर्थ 'तुम्ही कोण, आणि इथे का?' असा होतो. शुक्लाला वाटलं, विचारतायत की आपण सगळे एकमेकांचे कोण. तो विचारात पडला. मग म्हणाला, "आपण? आपण शेजारी!"

सेक्रेटरींनी दार पूर्ण उघडलं. त्यांनी त्याला आत बोलावलं, चहा दिला, आणि लिफ्ट दुसऱ्या दिवशी सुरू झाली. काकांनी शुक्लाला नापास केलं. "भांडण झालंच नाही," ते म्हणाले.

तेव्हा लक्ष्मीने विचारलं, "सर, आपण म्हणजे तुम्ही की आम्ही?"

"दोन्ही. ज्याला चार हात लांब ठेवायचं त्याला आपण म्हणतात. ज्याला आपल्यात घ्यायचं, त्याला धरूनही आपणच म्हणतात."

"मग कळणार कसं?"

"तोंडाकडे बघून."

"आणि टेलिफोनवर?"

काकांनी फळा पुसायला घेतला. "टेलिफोनवर चूक होते," ते म्हणाले.

त्या दिवशी माझं कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. माझा हा धडा बुडला. हे सगळं मला लक्ष्मीने फार नंतर सांगितलं.

रजा संपत आली तसं कचेरीतून पत्र आलं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. काका ते वाचून बैठकीत बसून राहिले. मग मला हाक मारली.

"विदर्भ, तुझ्या काकूंना विचार, काय करायचं?"

इतक्या दिवसांत त्यांनी काकूंना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी स्वयंपाकघरात गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. मी सांगितलं. लाटणं थांबलं नाही.

"त्यांना म्हणावं, आपण ठरवावं."

आमच्या गावात कुणी कुणाला 'आपण' म्हणत नाही. तू, नाहीतर तुम्ही. आपण म्हणजे तू आणि मी, सगळे मिळून. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावतच बैठकीत आले.

"काका, काकू म्हणतात, आपण ठरवू! म्हणजे तुम्ही दोघं मिळून!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून पोळी तव्यावर टाकल्याचा आवाज आला, जरा जोरातच.

"असं म्हणाली?"

"हो."

"तिला सांग," ते हळू म्हणाले, "मी इथेच आहे. केव्हाही बसू."

पण मी परत गेले तोवर शेजारच्या बाई साखर मागायला आल्या होत्या, आणि तो निरोप माझ्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी काकांनी सकाळी उठून पाणी भरलं. दुपारी पालक निवडला, देठ ठेवून पानं टाकली, मग पुन्हा पानं वेचली. वर्ग झाल्यावर नेहमीसारखे ओंकारेश्वराच्या बाजूला फिरायला न जाता दिवाणावर बसून राहिले. समोरची खुर्ची रिकामी ठेवली. त्यावर शुक्ला बसायला लागला तर म्हणाले, "अहं. ती एंगेज आहे."

शनिवारी काकूंनी मला विचारलं, "हे असे दारासमोर तोंड करून का बसून असतात गं? कुणी येणार आहे का?"

"तुमची वाट पाहून राहिले ना, काकू. ठरवायला."

"काय ठरवायला?"

"नोकरीचं. तुम्हीच म्हणाल्या ना, आपण ठरवावं."

काकूंच्या हातात चहाचं गाळणं होतं, ते तसंच राहिलं. "तू त्यांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं. आणि सांगता सांगता त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळलं की माझं काहीतरी फार चुकलंय. "मी जाऊन नीट सांगू का?" मी घाबरून विचारलं.

काकूंनी गाळणं कपावर ठेवलं. मग म्हणाल्या, "राहू दे. आता काही दुरुस्त करायला जाऊ नकोस."

त्यांनी चहा गाळला, पण कप उचलला नाही. "तुला वाटतं, यांनी रजा टाकली म्हणून मी गप्प आहे? सगळ्यांना तेच वाटतं. अगं, शेवटी शेवटी रोज दुपारी घरचा फोन वाजायचा. 'लाइन तपासतोय,' म्हणायचे. मग भाजी काय केलीस, टँकर आला का, देवधरांकडे कोण पाहुणे आलेत. अर्धा अर्धा तास लाइन तपासायचे. मला कळत नव्हतं का? एकदा सरळ म्हणाले असते, शैला, मला इथे बसवत नाही, इथे बोलायला कोणी नाही. मीच म्हटलं असतं, सोडा आणि घरी या. पण नाही. इस्त्रीवाल्याला सांगितलं."

मग त्या कप न घेताच बैठकीत गेल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

"बसले," त्या म्हणाल्या. थेट त्यांना. "आता बोला."

मी गॅलरीत निघून गेले. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकूंचा आला, आणि मग तो चांगलाच चढला. आत भांडण सुरू होतं. काकांचा आवाज मध्येच एखाददुसरा, "हो," "चुकलं," असा येत होता. खालून देवधर गॅलरीत आले आणि वर पाहून म्हणाले, "आज शनिवारी पण वर्ग?"

"हो," मी म्हटलं. पुणेकराला मी दिलेलं हे पहिलं उत्तर, आणि ते ऐकून देवधर आत निघून गेले.

सोमवारी सकाळी काका राजीनाम्याचं पत्र पिशवीत ठेवून चपला घालत होते. मला राहवेना. म्हटलं, "काका, त्या दिवशी माझं चुकलं होतं. काकू तसं म्हणाल्या नव्हत्या."

"माहीत आहे," काका म्हणाले.

"तुम्हाला कळलं होतं?"

"जन्मभर फोनवर दुसऱ्याचे आवाज ऐकलेत, विदर्भ. ती मला 'आपण' कुठल्या सुरात म्हणते ते मला भिंतीपलीकडून कळतं." त्यांनी चपलेचा पट्टा ओढला, तो नीटच होता, तरी ओढला. "पण तू आणलेला निरोप चांगला होता. म्हटलं, हाच ठेवून घेऊ. बसून वाट बघू."

तेवढ्यात आतून काकू आल्या. बाहेर जायची साडी, हातात पर्स.

"तू कुठे?" काकांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर. इतकी वर्षं तिथे होतात, एकदा तरी नेलंत का? आज शेवटचं जाताय तर दाखवा."

"तिथे बघण्यासारखं काही नाही."

"तेच बघायचंय," काकू म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. काका पाठोपाठ.

वर्गात अजून पाचच जण आहेत. पुढे किती होतील ते मला माहीत नाही, काकांनाही नाही. पण राजीनामा दिला गेला, आणि तिथे काय झालं ते काकूंनी मला रात्रीची भाजी चिरताना सांगितलं. मोठी थोरली खोली आहे म्हणे. ओळीने टेबलं, प्रत्येकावर फोन, आणि सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. एकच खुर्ची खाली होती, खिडकीजवळ.

"मला वाटायचं, तिकडे गर्दी असेल," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर गप्प असतात ते दिवसभर बोलून दमल्यामुळे."

साहेबांना पत्र देऊन काका आले तेव्हा काकू त्या खुर्चीत बसल्या होत्या. काका दारातच थांबले. त्यांनी खिडकी दाखवली नाही, टेबल दाखवलं नाही, नुसते उभे राहिले. काकू आणखी थोडा वेळ बसल्या. मग उठल्या, ती खुर्ची उचलली, आणि इतरांसारखी टेबलावर उलटी ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या. "चारला मुलं येतील."